प्युरिफायर गप्प बसला म्हणजे तेल साफ झालं असं नाही

संकेश्वरजवळच्या एका मुलाचा प्रश्न आलाय. विषय प्युरिफायरचा, म्हणजे जहाजाचं इंधन तेल इंजिनात जाण्याआधी गरगर फिरवून साफ करणाऱ्या यंत्राचा. प्रश्न थोडक्यात असा: "सर, पहिल्याच जहाजावर पाच साब (पाचवा इंजिनीअर) म्हणून आलोय. प्युरिफायर चार साबांकडे आहेत, पण हात माझेच काळे होतात. नवीन बंकर (जहाजात भरलेलं इंधन तेल) वापरायला लागल्यापासून एक नंबरचा प्युरिफायर गप्प आहे, पण दोन नंबरचा दिवसातून चार-पाच वेळा ओव्हरफ्लोचा अलार्म मारतो. चार साब म्हणतात, ग्रॅव्हिटी डिस्क (पाण्याच्या वाटेवरची भोकाची चकती, साइज तिच्या भोकाचा) एक साइज लहान घाल, गप्प बसेल. घालू का? आणि एक बावळट प्रश्न. लहानपणापासून साखर कारखान्यातलं सेंट्रिफ्यूगल बघत आलोय. त्यात जाळी असते. ह्यात जाळी कुठंच नाही, मग घाण अडते कुठं?"

बावळट म्हणतोस तोच प्रश्न खरा आहे. तो सुटला की डिस्कचं उत्तर तुझं तूच देशील, म्हणून उलटीकडून सुरुवात करतो. तू आपल्या भागातला, माझ्या पुतण्याच्या वयाचा दिसतोस. अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

कारखान्यातल्या सेंट्रिफ्यूगलमध्ये साखरेचा दाणा आणि मळी यांचं घट्ट मिश्रण जाळीच्या पिंपात फिरतं. मळी जाळीतून बाहेर फेकली जाते, दाणा आत राहतो. म्हणजे ती फिरती गाळणीच. निवड होते ती आकारावर. जहाजावरच्या प्युरिफायरचं नातं त्या यंत्राशी नाही, डेअरीतल्या क्रीम सेपरेटरशी आहे. आमच्या खानापूरच्या मामांकडे हाताने फिरवायचा एक होता. वरून दूध ओतायचं, दांडा फिरवायचा, एका तोटीतून साय आणि दुसरीतून सपक दूध. त्याला जाळी नव्हती. जड ते परिघाकडे, हलकं ते मध्याकडे, एवढ्यावरच सगळा कारभार. स्वीडनच्या गुस्ताफ द लावालने १८७८ मध्ये सतत चालणारा असा सेपरेटर बनवला तो दुधासाठीच. आत शंकूसारख्या चकत्यांची चळत घालायची कल्पना क्लेमेन्स फॉन बेख्टोल्सहाइम या जर्मन संशोधकाची. तिचे हक्क द लावालच्या कंपनीने विकत घेतले. आज तू जो बोल (आतलं फिरणारं भांडं) उघडून साफ करतोस, त्याची आजी साय काढायच्या धंद्यातली आहे.

आता जाळी का नाही ते बघ. तेलात तीन प्रकारची घाण असते. एक पाणी, त्यात बऱ्याचदा समुद्राचं खारं पाणी, म्हणजे सोडियम. दुसरा साधा गाळ, गंज, वाळू. तिसरा, आणि सगळ्यात वाईट, कॅट फाइन्स. रिफायनरीत जड तेल मोडून हलकं करायला अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकॉनचं उत्प्रेरक वापरतात, त्याचा चुरा खाली उरलेल्या तेलात राहतो. काचेसारखा कडक. काही कण पाच मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), काही पंचवीसचे. तो फ्युएल पंपाच्या प्लंजरमध्ये, लायनरवर, पिस्टन रिंगांवर पॉलिश पेपरसारखा घासतो. इतके बारीक कण जाळीने धरायचे म्हटलं तर जाळी काही तासांत तुंबेल, आणि पाणी तर जाळीतून सरळ निघून जाईल. म्हणून निवड आकारावर नाही, वजनावर करायची. इंजिनाआधी फिल्टर असतो तो शेवटचा पहारेकरी. साफसफाईचं काम त्याचं नाही.

आयएसओ ८२१७ या जहाजी इंधनाच्या मानकाप्रमाणे आपण जे नेहमीचं ३८० सेंटिस्टोकचं (सेंटिस्टोक हे घट्टपणाचं माप) तेल घेतो, त्यात अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकॉन मिळून किलोला ६० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. इंजिन बनवणारे मात्र इंजिनाच्या तोंडाशी १५ च्या आत मागतात. बंकर अगदी कायद्यात बसणारं असलं तरी चारातले तीन भाग चुरा आपल्यालाच काढायचा आहे. हे काम सेटलिंग टँक (तेल निवळायला ठेवायची टाकी) आणि प्युरिफायर या दोघांचं.

दोघांचं म्हटलं खरं, पण वाटणी समान नाही. साधा हिशोब करून दाखवतो. दहा मायक्रॉनचा कण घे, तो तेलापेक्षा दीडपट जड धर. सत्तर अंशाला ठेवलेल्या सेटलिंग टँकमध्ये त्याला एक मीटर खाली बसायला साधारण दीड महिना लागतो. दीड महिना! आपण टँकला देतो एक दिवस, तोही जहाज हलत असताना. टँकमध्ये पाण्याचे मोठे थेंब आणि भरड गाळ बसतो, एवढंच. (तो रोज ड्रेन करतोस ना? हात सोडला की आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह तिथे असतो. त्याला तार बांधून मोकळा ठेवणारे मी पाहिलेत. तसलं काही करू नकोस.)

तोच कण प्युरिफायरच्या बोलमध्ये आला की तिथे गुरुत्वाकर्षणाच्या पाच-सहा हजार पट ओढ असते. तेलही ९८ अंशाला तापवून पातळ केलेलं असतं. त्यामुळे कण सेकंदाला काही मिलिमीटर या वेगाने सरकतो. त्याला मीटरभर जायचंही नसतं. दोन चकत्यांमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. फट ओलांडून वरच्या चकतीच्या खालच्या अंगाला टेकला की तिच्या उतारावरून घसरत बाहेर जातो. चकत्यांची चळत आहे ती यासाठीच: प्रवास लांबचा होता तो जवळचा केला. घाण अडते कुठं, तर बोलच्या सगळ्यात बाहेरच्या भिंतीला. मग डिस्लज करताना खालचा सरकता तळ क्षणभर उतरतो आणि ती घाण भोकांतून बाहेर उडते.

यात दोन गोष्टी लक्षात ठेव. कणाचा व्यास निम्मा झाला की वेग चौथाई होतो, म्हणून पाच मायक्रॉनच्या खालचे कण पकडणं खरंच अवघड आहे. आणि तेल घट्ट झालं की वेग त्याच प्रमाणात पडतो. ३८० चं तेल ९८ ऐवजी ८६ अंशाला असेल तर ते दीडपट घट्ट असतं, म्हणजे तुझा कण एक तृतीयांश वेग गमावून बसला. मग १०५ ला का तापवत नाही? कारण बोलमध्ये पाण्याचं सील आहे, म्हणजे तेलाला पाण्याच्या वाटेने निसटू न देणारं पाण्याचं कडं. पाणी उकळायला लागलं की सील गेलं. ९८ हा आकडा त्या दोघांमधली तडजोड आहे.

आता तुझ्या ओव्हरफ्लोकडे येऊ.

बोलमध्ये बाहेरच्या कडेला पाण्याचं कडं आणि आत तेलाचं कडं. दोघांच्या मध्ये एक सीमा. आपण सीमाभागातली माणसं. सीमा बोटभर इकडेतिकडे सरकली की काय होतं ते मी तुला काय सांगणार. ही सीमा चकत्यांच्या चळतीच्या बाहेर, पण सगळ्यात वरच्या मोठ्या चकतीच्या कडेच्या आत असायला हवी. फार बाहेर सरकली की तेल त्या कडेखालून पलीकडे जातं आणि पाण्याच्या वाटेने बाहेर पडतं. हाच तुझा अलार्म. फार आत सरकली की ती चळतीत घुसते. मग चकत्यांचा बाहेरचा भाग पाण्यात बुडतो, तेलाला साफ व्हायला जागाच कमी उरते, पाणी आणि चुरा तेलाबरोबर सर्व्हिस टँकमध्ये (इंजिनाला तेल पुरवणाऱ्या टाकीत) जातो.

आणि त्याला अलार्म नाही.

हे वाक्य तुझ्या चार साबांना वाचून दाखव. बाहेर सरकलेली सीमा बोंब मारते, आत सरकलेली गप्प असते.

ग्रॅव्हिटी डिस्क काय करते ते भातशेतीवरून सांगतो. खानापूरकडे खाचराच्या बांधाला पाणी सोडायला एक वाट ठेवतात. वाट खोल केली की खाचरातलं पाणी उतरतं, मातीने उंच केली की चढतं. ग्रॅव्हिटी डिस्क म्हणजे ही वाट, फक्त बोलमध्ये 'खाली' म्हणजे 'बाहेर'. डिस्कचं भोक मोठं असेल तर पाणी सांडायची कड बाहेरच्या बाजूला गेली, म्हणजे वाट खोल झाली. पाण्याचं कडं पातळ होतं आणि सीमा बाहेर सरकते. भोक लहान असेल तर पाण्याचं कडं जाड होतं, सीमा आत येते. तेल जड असेल तर ते पाण्याला बाहेर रेटतं, म्हणून जड तेलाला लहान भोक आणि हलक्या तेलाला मोठं. जुना नियम असा की सील न तुटता जितकं मोठं भोक चालेल तितकं घ्यायचं. अलार्म बंद होईपर्यंत लहान करत जायचं हा नियम कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही, पण सगळ्यात जास्त पाळला जातो तो हाच.

मीही पाळलाय. नवा चार साब होतो, थंडीतला प्रवास, रात्री दर दोन-तीन तासांनी अलार्म. झोप नाही, सेकंड साब वैतागलेले. तिसऱ्या रात्री एक साइज लहान डिस्क घातली. शांतता. दोन दिवस स्वतःवर खूश होतो. तीन आठवड्यांनी खराब हवामान लागलं, सर्व्हिस टँकच्या तळाशी साठलेलं सगळं ढवळून वर आलं आणि फ्युएल पंप अडकायला लागले. एक, मग दुसरा. पुढच्या बंदरात प्युरिफायरच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन नमुने प्रयोगशाळेत पाठवले, तर दोन्हीतल्या अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉनच्या आकड्यांत जवळपास फरक नव्हता. तीन आठवडे आम्ही तेल नुसतं गरगर फिरवत होतो. मूळ कारण काय निघालं? हीटरचा स्टीम ट्रॅप (निवलेल्या वाफेचं पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलेला, आणि थर्मामीटर खोटं बोलत होता. तो ९८ दाखवायचा आणि तेल ८५-८६ ला यायचं. थंड तेल जड, थंड तेल घट्ट, म्हणून सीमा बाहेर जाऊन सील तुटत होतं. अलार्म मला हीटर बिघडल्याचं सांगत होता, आणि मी सांगणाऱ्याचं तोंड दाबलं. चीफ साहेब ओरडले नाहीत. त्यांनी ती डिस्क माझ्या केबिनच्या दाराला दोऱ्याने बांधून टांगली, मी जहाजावरून साइन ऑफ होईपर्यंत.

म्हणून तुला क्रम सांगतो. तुझ्या जहाजाचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर ते ऐक, माझं नको.

सगळ्यात आधी तेल नक्की कुठून बाहेर येतंय ते बघ. पाण्याच्या वाटेने येत असेल तरच हा सीलचा आजार. स्लजच्या (गाळाच्या) वाटेने येत असेल तर बोलच नीट बंद होत नाही, आणि मग ग्रॅव्हिटी डिस्कचा काही संबंध नाही. तिथे ऑपरेटिंग वॉटरचा (बोलची उघडझाप करणाऱ्या पाण्याचा) दाब, बारीक नोझलमध्ये बसलेला क्षार, सरकत्या तळाची सील रिंग, गळका ओपनिंग व्हॉल्व्ह हे बघायचं. काही यंत्रांवर दोन्हींचे अलार्म जवळजवळ सारख्याच नावाचे असतात, त्यामुळे स्क्रीनवर विश्वास ठेवू नकोस. डोळ्यांनी बघ.

पाण्याच्या वाटेने येत असेल तर तापमान. दुसरा, खात्रीचा थर्मामीटर लावून. नंबर एकचा प्युरिफायर त्याच तेलावर गप्प आहे आणि नंबर दोनच बोंबलतोय, हे तूच लिहिलंयस. एकच तेल, एकाच प्रकारची दोन यंत्रं, त्रास एकाला. मग सगळा दोष तेलाच्या घनतेला कसा देणार? माझा पहिला संशय दोन नंबरच्या हीटरवर आहे. अर्थात दोघांत वेगवेगळ्या साइजच्या डिस्क असतील किंवा एक क्लॅरिफायर म्हणून चालत असेल तर गोष्ट वेगळी. क्लॅरिफायरमध्ये पाण्याचं सीलच नसतं, तो फक्त गाळ धरतो.

मग फ्लो. समजा इंजिन दिवसाला ४० टन खातं. ते तासाला पावणेदोन घनमीटरच्या आसपास झालं. प्युरिफायर तीन घनमीटरचा आहे म्हणून तीनने चालवायचा नसतो. खपापेक्षा थोडा जास्त, दोनच्या आसपास ठेव. जास्तीचं सर्व्हिस टँकमधून ओव्हरफ्लो होऊन परत सेटलिंगला जाईल. "जोरात चालवला की तेल दोनदा फिरतं, दोनदा साफ होतं" हे मी सेकंड साबांच्या तोंडूनही ऐकलंय. ते खरं नाही. दोनदा घाईत गेलेलं तेल एकदा सावकाश गेलेल्याची बरोबरी करत नाही. ज्या कणाला फट ओलांडायला वेळ मिळाला नाही, त्याला दुसऱ्या फेरीतही तेवढाच कमी वेळ मिळतो. दोन यंत्रं असतील तर दोघांना समांतर, अर्ध्या-अर्ध्या फ्लोवर चालवायचं की एकामागे एक, हे यंत्राच्या प्रकारावर आहे. जुन्या ग्रॅव्हिटी डिस्कवाल्यांत आधी प्युरिफायर, मागे क्लॅरिफायर अशी जोडी लावायची पद्धत होती. नव्या, स्वतः पाणी ओळखणाऱ्या यंत्रांत समांतर लावणं बरं.

त्यानंतर बॅक प्रेशर. तेलाच्या बाहेरच्या वाटेवरचा व्हॉल्व्ह कुणी जास्त आवळला असेल तर बोलमध्ये तेलाचा दाब वाढतो आणि सीमा बाहेर ढकलली जाते. मॅन्युअलमधला आकडा बघ. सीलिंगचं पाणी सुरुवातीला पुरेसं जातंय का, तेही बघ. डिस्लजमधलं अंतर फार लांब ठेवलं असेल तर बाहेरचा गाळ जागा खातो, तेही एक.

हे सगळं ठीक निघालं तरच घनता. बंकर डिलिव्हरी नोटवर १५ अंशाची घनता असते, ती मॅन्युअलमधल्या आलेखावर तापमान आणि फ्लोसह लावून डिस्कचा साइज काढ. २०२० पासून गंधकाची मर्यादा ०.५० टक्क्यांवर आली आणि तेव्हापासून तेलांची एकसारखी जात राहिलीच नाही. एक बंकर घनमीटरला ९२० किलोचं, पुढचं ९८० चं. पूर्वी वर्षानुवर्षं एकच डिस्क चालायची, आता प्रत्येक बंकरला आलेख उघडावा लागतो. आणि इथे उलटी चूकही होते: जड तेलाची लहान डिस्क तशीच ठेवून हलकं तेल घेतलं, तर सीमा आत सरकते आणि कुणाला कळतही नाही. घनता ९९१ च्या वर असेल तर ग्रॅव्हिटी डिस्कवाल्या प्युरिफायरला ते झेपतच नाही. तेल आणि पाण्याच्या वजनात फरकच उरत नाही.

तर मग लहान डिस्क घालायची का? आलेखाने सांगितलं तर घाल. चार साबांनी सांगितलं म्हणून नको. त्यांना सरळ नाही म्हणू नकोस, तुझं पहिलं जहाज आहे. "आलेखात बघून घालतो साब" म्हण आणि आलेख त्यांच्यासमोर उघड.

प्युरिफायर खरंच काम करतोय का हे ओळखायची माझी पद्धत साधी आहे. आधी-नंतरचे नमुने प्रत्येक बंकरला एकदा प्रयोगशाळेत. रोजच्यासाठी स्लज टँकचं साउंडिंग, म्हणजे टाकीतली पातळी मोजणं. ते वाढतच नसेल तर काहीच निघत नाहीये. एकदम वाढत असेल तर तेल वाया जातंय. आणि बोल उघडशील तेव्हा गाळ कुठे बसलाय ते बघ. बाहेरच्या भिंतीला घट्ट थर दिसला तर बरं. चकत्यांच्या फटीच भरलेल्या दिसल्या तर सीमा आत होती किंवा तेल थंड होतं.

ज्याच्यासाठी प्युरिफायरला दोष देऊ नये तेही सांगतो. गंधक, व्हॅनेडियम हे तेलात विरघळलेले असतात, ते कितीही फिरवलं तरी निघत नाहीत. दोन न जुळणारी तेलं एका टँकमध्ये मिसळून डांबरासारखा गाळ झाला, तर प्युरिफायर तो काढत काढत स्वतःच तुंबेल. तिथे चूक बंकर घेताना झालेली असते.

बोल उघडायच्या आधी काही गोष्टी. यंत्र पूर्ण थांबल्याची खात्री डोळ्यांनी कर. मिनिटाला सात-आठ हजार फेरे मारणारा तो लोखंडी गोळा बंद केल्यावरही बराच वेळ फिरत असतो. लॉक रिंगच्या आट्या बऱ्याचदा उलट्या असतात, त्यामुळे जोर लावण्याआधी त्यावरचा बाण वाच. एका बोलचा भाग दुसऱ्या बोलला कधीच लावू नकोस, तो अख्खा संच एकत्र बॅलन्स केलेला असतो. खुणा जुळवूनच बंद कर. आणि सांडलेलं तेल लगेच पूस. ९८ अंशाचं हे तेल त्याच्या फ्लॅश पॉइंटच्या (ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते त्याच्या) वर असू शकतं. प्युरिफायर रूमला आग लागते ती बहुतेक अशाच चिंध्यांतून आणि गळत्या फ्लँजमधून.

मला पुढच्या वेळी एवढं लिहून पाठव: नोटवरची घनता, दोन्ही हीटरचं खऱ्या थर्मामीटरने मोजलेलं तापमान, दोन्ही यंत्रांचा फ्लो, आणि दोघांत आत्ता कुठल्या साइजच्या डिस्क आहेत. महिनाअखेरीपर्यंत बेळगावात घरीच आहे, त्यानंतर मी जॉइन होतोय.